पोट भरलेलं, तरी उपाशी: समुद्रघोड्यांच्या पैदाशीतलं एक प्रकरण

समुद्रघोड्याची पिल्लं जन्माला येणं फारसं अवघड नसतं. निरोगी जोडी, स्थिर पाणी आणि उंच टाकी एवढं जमलं की एका पाठोपाठ एक वेत मिळत राहतात. अवघड असतं ते त्या पिल्लांना पहिला महिना पार करून नेणं. माझी धाकटी मावशी गेली कित्येक वर्षं या एका महिन्याच्या कौशल्यावर आपलं घर चालवते आहे.

पूर्वी ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. आता मत्स्यालयांसाठी समुद्रघोडे वाढवणं हा तिचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. तिच्या गिऱ्हाइकांत काही सार्वजनिक मत्स्यालयं आहेत, बाकीचे घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे अनुभवी हौशी लोक. तिच्या जुन्या नोंदवह्या नीट लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या चाळताना एक सलग काळ असा सापडला, की ज्यात जन्म भरपूर होत होते आणि विक्री जवळजवळ थांबली होती. त्या काळात नेमकं काय बिघडलं, ते कसं सापडलं आणि तिने काय बदललं, हे सविस्तर मांडण्यासारखं आहे असं मला वाटलं. तिच्या परवानगीने लिहितो आहे.

प्राण्याची ओळख, कामापुरती

समुद्रघोडा हा मासाच. त्याला खवले नसतात, त्वचेखाली हाडांच्या कड्यांचं चिलखत असतं. शेपटीने तो एखाद्या काडीला किंवा समुद्री गवताला धरून राहतो. पोहण्यात तो कच्चा असतो, त्यामुळे खाद्याच्या मागे धावणं त्याला जमत नाही. खाद्य तोंडाच्या टप्प्यात आलं की मान झटकन वर करून नळीसारख्या तोंडाने तो ते ओढून घेतो. त्या वेळी बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो. खोली शांत असली की तो काचेबाहेरही ऐकू येतो, आणि मावशी अर्धी तब्येत या आवाजावरून ओळखते.

मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि पुढचं सगळं नर करतो. त्या आधी जोडी शेपट्या गुंफून पाण्यात वर-वर चढत जाते. म्हणूनच उथळ टाकीत अंडी पिशवीत जाण्याऐवजी तळाशी पडलेली सापडतात. तापमान आणि जात यांनुसार साधारण दोन ते चार आठवड्यांत नर पिल्लं बाहेर टाकतो. मादी तयार असेल तर एक-दोन दिवसांत त्याची पिशवी पुन्हा भरलेली असते. जन्मलेल्या पिल्लांकडे आई-बाप ढुंकूनही पाहत नाहीत.

पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आणखी एका बाबीत आहे. समुद्रघोड्याला दात नसतात आणि जठरही नसतं. गिळलेलं खाद्य साठवून सावकाश पचवायची सोय त्याच्या शरीरात नाही. ते सरळ आतड्यातून जातं आणि बऱ्यापैकी लवकर बाहेर पडतं. मोठ्या समुद्रघोड्यालाही त्यामुळे दिवसातून अनेकदा खावं लागतं. पिल्लांना तर उजेड असेपर्यंत सतत काहीतरी समोर तरंगत असावं लागतं.

धंदा कसा उभा राहिला

मावशीने सुरुवात केली ती हिप्पोकॅम्पस इरेक्टस या जातीपासून. पश्चिम अटलांटिकमधली ही जात टाकीत चांगली रुळते आणि तिची पिल्लं जन्मतःच त्यातल्या त्यात मोठी असतात. इतकी मोठी, की नुकती अंड्यातून निघालेली आर्टेमियाची पोरं ती पहिल्या दिवसापासून गिळू शकतात. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या सरोवरांत सापडणारा बारीक कोळंबीवर्गीय जीव. त्याची वाळलेली अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात हवेचा पंप लावून ठेवली की साधारण एका दिवसात फुटतात. जिवंत खाद्य इतक्या सोयीने दुसरं कुठलंच मिळत नाही. इरेक्टसवर तिचा जम बसला.

तिच्या मालाला मागणी होती त्यामागे एक गंभीर कारण होतं. समुद्रातून पकडलेले समुद्रघोडे टाकीत अनेकदा उपाशी मरतात. त्यांना फक्त हलणारं, जिवंत खाद्य कळतं. गोठवलेली मायसिस कोळंबी समोर पडली तरी ते तिच्याकडे अन्न म्हणून बघत नाहीत. टाकीत जन्मलेल्या पिल्लाला लहानपणीच गोठवलेल्या खाद्याची सवय लावता येते, आणि तसं पिल्लू वर्षानुवर्षं जगू शकतं. शिवाय समुद्रातल्या संख्येवरचा ताण वेगळाच. मासेमारीच्या जाळ्यांत आपसूक सापडणारे आणि पारंपरिक औषधांसाठी वाळवून विकले जाणारे समुद्रघोडे दरवर्षी कोट्यवधींच्या घरात जातात असा संशोधकांचा अंदाज आहे. हिप्पोकॅम्पस ही संपूर्ण प्रजाती, म्हणजे समुद्रघोड्यांच्या सगळ्या जाती, वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. हा निर्णय 2002 साली झाला आणि मे 2004 पासून लागू झाला. त्यामुळे सीमेपलीकडे एकही जिवंत समुद्रघोडा पाठवायचा तर कागदपत्रं लागतात, आणि तो टाकीत जन्मलेला म्हणून पाठवायचा तर ते नोंदींवरून सिद्ध करावं लागतं. भारतात तर 2001 पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा हे वाचून कुणी परस्पर असा उद्योग सुरू करू नये. मावशी जिथे राहते तिथे तिच्याकडे परवाना आहे, आणि प्रत्येक वेताचे आई-बाप कोण याची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. ही वहीच पुढे तिला उपयोगी पडली.

अडचण

इरेक्टस बहुधा तपकिरी, करडे, काळपट असतात. गिऱ्हाइकं पिवळ्याधमक आणि केशरी समुद्रघोड्यांची चौकशी करत होती. असे रंग हिप्पोकॅम्पस रीडी या लांब तोंडाच्या जातीत सुंदर खुलतात. मावशीने त्याच्या जोड्या आणल्या, टाकीत जन्मलेल्याच आणल्या, आणि थोड्याच दिवसांत पहिलं वेत झालं.

रीडीचं वेत म्हणजे पाण्यात धूळ उधळल्यासारखं दिसतं. एका वेळी शेकड्यांनी पिल्लं, मोठा नर असेल तर हजाराच्याही वर. जात जितकी जास्त पिल्लं देते तितकी ती बारीक असतात, आणि रीडीची पिल्लं इरेक्टसच्या पिल्लांहून स्पष्ट लहान असतात. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे ती कशालाही शेपटी न अडकवता मोकळ्या पाण्यात तरंगत राहतात.

पहिला आठवडा दर वेळी चांगला जायचा. मावशीने पिल्लांना सुरुवातीचे दोन-तीन दिवस रोटिफर, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, दिले आणि मग, इरेक्टसच्या अनुभवावर विसंबून, आर्टेमिया सुरू केला. पिल्लं तो खात होती. ‘टक टक’ ऐकू येत होती, पोटं नारिंगी दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात मात्र एखाद्या सकाळी तळाशी पिल्लांचा थर दिसायचा, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत जवळपास सगळं वेत संपायचं. उरायची मूठभर. पुढच्या वेताला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. तोवर नराची पिशवी पुन्हा भरलेली असायची.

त्या महिन्यांच्या नोंदी वाचवत नाहीत. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या सवयीने तिने दररोजची मेलेली पिल्लं मोजून लिहिली आहेत, आणि आकड्यांशेजारी दुसरं काहीही लिहिलेलं नाही.

शोध

पहिला संशय पाण्यावर गेला, तो जायलाच हवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्षारता आणि सामू योग्य. टाकी चोवीस अंशांच्या आत होती. उष्ण पाण्यातल्या समुद्रघोड्यांनाही टाकीत यापेक्षा जास्त तापमान सहसा मानवत नाही, कारण रोग आणणारे व्हिब्रिओ गटातले जिवाणू उबेत झपाट्याने वाढतात. पाण्यात खोट निघाली नाही.

दुसरा संशय हायड्रॉइडवर. हे डंख मारणारे सूक्ष्म जीव आर्टेमियाच्या अंड्यांबरोबर टाकीत येतात, काचेवर वाढतात आणि पिल्लांना मारतात. भिंगाखाली काच तपासली तेव्हा काही सापडलेही. तिने टाक्या रिकाम्या करून धुतल्या, आणि आर्टेमियाची अंडी ब्लीचच्या द्रावणात ठेवून त्यांची टरफलं विरघळवून मगच वापरायला सुरुवात केली. मृत्यू थोडे कमी झाले, पण त्यांचं वेळापत्रक बदललं नाही. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. खरं दुखणं सापडण्याआधी एक खोटं पण पटण्याजोगं उत्तर मिळालं होतं, आणि थोडा फरक पडल्यामुळे तिथेच थांबणं सहज शक्य होतं. वहीने तिला थांबू दिलं नाही. हायड्रॉइड पिल्लांना मारत असते, तर त्यांनी कुठल्याही दिवशी मारलं असतं. ही पिल्लं दर वेळी त्याच वयाला मरत होती.

तिसरा संशय वाणावर. जोड्या बदलून पाहिल्या, वेगळ्या आई-बापांची पिल्लं त्याच वयाला मेली. म्हणजे तेही नव्हतं.

मग तिने पिल्लांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्या जुन्या नोकरीत रोजचंच काम होतं ते, पण माशांच्या बाबतीत कुणी सहसा करत नाही. काचपट्टीवर तिला आर्टेमियाची पोरं दिसली, जवळजवळ अखंड. काहींचे पाय हलत होते. पिल्लांच्या तोंडातून आत गेलेलं खाद्य दुसऱ्या टोकाने जिवंत बाहेर येत होतं.

पिल्लं दिवसभर खात होती आणि उपाशी मरत होती. पोट नारिंगी दिसत होतं ते खाद्याने भरल्यामुळे, पण त्यातलं अंगी फार थोडं लागत होतं. जठर नसलेल्या, आतडं जेमतेम तयार झालेल्या पिल्लाला आर्टेमियाचं कवच फोडता येत नव्हतं. इरेक्टसची पिल्लं जन्मतः मोठी आणि पुढच्या टप्प्यावर असतात, म्हणून त्यांचं निभावत होतं. रीडीची पिल्लं अंगातल्या शिदोरीवर आठवडाभर तगायची, मग शिदोरी संपायची. मृत्यूचं ते ठरलेलं वेळापत्रक इथून येत होतं.

त्यात दुसरी उणीव मिसळली होती. आर्टेमियाचं पोर अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगात पोषक बलक असतो, पण तास जातील तसा तो संपत जातो. पहिल्या अवस्थेत त्याला स्वतः काही खाताही येत नाही. कात टाकून दुसऱ्या अवस्थेत गेल्यावर त्याला मेदाम्लयुक्त द्रावण पाजून पौष्टिक करता येतं. डीएचए हे मेदाम्ल समुद्री माशांच्या पिल्लांना मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीसाठी अत्यावश्यक असतं, आणि आर्टेमियात ते मुळात नसल्यातच जमा. सकाळी फुटलेला आर्टेमिया संध्याकाळी तसाच टाकीत घातला, तर त्या वेळी त्यात फारसं काही उरलेलं नसतं.

तीन वाटा

तिच्यापुढे तीन पर्याय होते आणि तिन्हींच्याही बाजूने बोलण्यासारखं होतं.

रीडी सोडून देऊन पुन्हा फक्त इरेक्टस करायचा. सुरक्षित आणि शहाणपणाचा मार्ग. घरातल्या बहुतेकांचं मत हेच होतं.

दुसरा मार्ग आकड्यांचा. वेतं फुकट मिळतात, प्रत्येकातून मूठभर वाचतात, तर जोड्या वाढवायच्या आणि मुठी वाढवायच्या. हिशोबाच्या कागदावर हे बसत होतं. मावशीने हा पर्याय सर्वांत आधी बाद केला, आणि त्याचं कारण तिने एका वाक्यात दिलं: “मरायलाच जन्माला घालायचं असेल, तर समुद्रातून पकडणाऱ्यापेक्षा मी वेगळी कशी?” मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

तिसरा मार्ग खाद्य बदलण्याचा. रीडीच्या पिल्लांना निसर्गात मिळतं ते म्हणजे कोपेपॉड, समुद्राच्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कवचधारी जीव. हे आर्टेमियाहून बारीक असतात, पचतात आणि त्यांत डीएचए मुळातच भरपूर असतं. पण कोपेपॉड डब्यात मिळत नाहीत. ते जिवंत वाढवावे लागतात, आणि त्यांना खायला जिवंत सूक्ष्म शैवाल लागतं. म्हणजे एक मासा वाढवण्यासाठी आधी दोन वेगळी पिकं उभी करायची. तिने हा मार्ग धरला.

काय बदललं

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की तिने समुद्रघोड्यांच्या खोलीत सुधारणा केली. प्रत्यक्षात शेजारची खोली बदलली. तिथे आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस या शैवालांच्या बाटल्या दिव्यांखाली लागल्या, सोनेरी तपकिरी आणि हिरव्या. त्या शैवालावर कोपेपॉडची पिंपं. पिंपांतून वेगवेगळ्या मायक्रॉनच्या गाळण्यांनी मोठे कोपेपॉड पैदाशीसाठी मागे ठेवायचे आणि बारीक पोरं पिल्लांकडे न्यायची.

यात सर्वांत त्रास दिला रोटिफरनी. रोटिफर हे चांगलं खाद्य आहे, पण कोपेपॉडच्या पिंपात त्यांचा शिरकाव झाला की ते बेसुमार वाढून सगळं शैवाल फस्त करतात आणि कोपेपॉड संपतात. एक ओली गाळणी, हाताला लागलेला एक थेंब पुरतो. मावशीने दोन्हींसाठी वेगळ्या बादल्या, वेगळ्या नळ्या, वेगळ्या गाळण्या केल्या आणि कामाचा क्रम ठरवून टाकला: आधी शैवाल, मग कोपेपॉड, रोटिफर सर्वांत शेवटी, आणि रोटिफरला हात लावल्यावर त्या दिवशी पुन्हा मागे वळायचं नाही. रुग्णालयात निर्जंतुक कामाची जी शिस्त तिच्या अंगात मुरली होती, तीच इथे कामी आली. तिने आपला पेशा बदलला असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

पिल्लांच्या टाक्याही बदलल्या. रीडीची पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, पृष्ठभागाशी गोळा होतात आणि खाताना हवा गिळतात. पोटात हवा गेलेलं पिल्लू वरच तरंगत राहतं, खाली येऊ शकत नाही, आणि मरतं. तिने काळ्या भिंतींची गोल भांडी घेतली, त्यांत हवेच्या बारीक धारेने पाणी सावकाश चक्राकार फिरत ठेवलं. पिल्लं आणि खाद्य दोन्ही पाण्यात सारखं पसरून राहू लागलं.

आर्टेमिया तिने पूर्ण सोडला नाही. तो आता उशिरा येतो, पिल्लाचं आतडं तयार झाल्यावर, आणि पौष्टिक करूनच येतो. केव्हा सुरू करायचा हे दिवस मोजून ठरत नाही. थोडा देऊन विष्ठा भिंगाखाली पाहायची, खाद्य फुटलेलं दिसलं तर पुढे जायचं.

खाद्यावरून ठरणारी पैदास

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो यानंतरचा निर्णय.

कोपेपॉडची पिंपं रोटिफरइतकी दाट कधीच भरत नाहीत. कितीही मेहनत घेतली तरी दिवसाला जेवढे कोपेपॉड निघतात तेवढेच निघतात. त्यावर शेकडो पिल्लं पोसता येतील, हजारो नाही. आणि नर तर थांबायला तयार नसतो. आतापर्यंत मावशी वेत झालं की कामाला लागायची. आता तिने उलट केलं: नर आणि माद्या वेगवेगळ्या टाक्यांत ठेवल्या. शैवाल आणि कोपेपॉड जोमात असतील, तेव्हाच ठरवून एखादी जोडी एकत्र आणायची. पिंप कोसळलेलं असेल तर कुणालाही एकत्र आणायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. जोड्या करणारीच्या कामाचा मोठा भाग आता जोड्या होऊ न देण्यात जातो.

याचा फटका तिला लगेच बसला. काही महिने विकायला जवळजवळ काही नव्हतं. जुन्या इरेक्टसनी घर चालवलं. पण त्यानंतर जी वेतं झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक पिल्लं धोक्याचं वय ओलांडून पुढे गेली, आणि वहीतला तो ठरलेल्या वयाचा मृत्यू दिसेनासा झाला. काही वेतं अजूनही जातात. जातात तेव्हा कारण बहुधा सापडतं.

विक्रीचा नियमही कडक झाला. पिल्लू निव्वळ मोठं झालं म्हणून विकलं जात नाही. ते गोठवलेली मायसिस स्वतःहून, रोज, काही आठवडे खात असलं पाहिजे. या सवयीला वेळ लागतो: आधी जिवंत खाद्यात बारीक केलेलं गोठवलेलं मिसळायचं, मग जिवंत कमी करत न्यायचं. काही पिल्लं चटकन शिकतात, काही हटून बसतात. हट्टी पिल्लांना ती वेगळ्या भांड्यात, आधीच शिकलेल्या एखाद्या पिल्लासोबत ठेवते. शेजारी खाताना दिसला की तीही खाऊ लागतात, असा तिचा अनुभव आहे.

गिऱ्हाइकाला ती आधी प्रश्न विचारते. टाकीत आणखी कोणते मासे आहेत? चपळ मासे असतील तर समुद्रघोड्याच्या वाट्याला खाद्य येणारच नाही. समुद्रफूल किंवा डंखाचे प्रवाळ आहेत का? शेपटी अडकवायला काय आहे? उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायची सोय आहे का? उत्तरं पटली नाहीत तर ती समुद्रघोडा देत नाही. यात गिऱ्हाइकं दुखावतात आणि काही परत येत नाहीत. या नियमाने तिचं उत्पन्न कमी झालं असेल. पण तिच्याकडून समुद्रघोडे नेणारी सार्वजनिक मत्स्यालयं पुन्हा पुन्हा तिच्याकडेच येतात. माझ्या मते ती या नियमामुळेच येतात.

अजून न सुटलेलं

दोन गोष्टी बाकी आहेत. एक, रक्ताची. मोजक्याच जोड्यांपासून पिढ्यामागून पिढ्या घेतल्या तर वाण खचतो. नवं रक्त समुद्रातून आणायचं नाही, तर दुसऱ्या पैदासकारांशी अदलाबदल करावी लागते, आणि ती करायची तर समोरच्यानेही वंशाची वही ठेवलेली हवी. तशी वही ठेवणारे थोडे आहेत. मावशी सध्या अशाच एकाशी रीडीच्या दोन जोड्यांबद्दल बोलते आहे, आणि आलेले प्राणी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवूनच आत घ्यायचे हे तिने आधीच ठरवलं आहे.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. शैवालाला सुट्टी नसते, कोपेपॉडला नसते, पिल्लांना तर नसतेच. एक दिवस खाडा झाला तर एक पिंप कोसळतं, आणि ते पुन्हा उभं राहायला आठवडे जातात. तिने एक मदतनीस मुलगी ठेवली आहे. पहिले काही महिने मावशीने तिला समुद्रघोड्यांच्या खोलीत काम दिलं नाही, फक्त शैवालाच्या खोलीत दिलं. ती मुलगी आता काचपट्टी स्वतः लावते आणि आर्टेमिया कधी सुरू करायचा हे मावशीला न विचारता सांगते. पुढच्या हंगामातलं एक पूर्ण वेत तिच्यावर सोपवायचं ठरलं आहे.